काजलझिलीची ओटी

लोकांच्या चष्म्याचे नंबर काढणं हा माझा धंदा आहे. बेहाला चौरस्त्याजवळ चष्म्याचं एक दुकान आहे, त्याच्या मागच्या काळोख्या खोलीत मी बसते. समोर अक्षरांचा तक्ता, हाताशी भिंगांची पेटी. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकदा हे भिंग, एकदा ते भिंग धरत मी दिवसभर विचारत असते, "एटा भालो, ना ओटा?" हे बरं, की ते? तेव्हा पुढे मी जे सांगणार आहे ते नजरेची चूक म्हणून कुणी उडवून लावू नये. माझ्या दोन्ही डोळ्यांना नंबर नाही.

दुसरं म्हणजे मी मत्सरी आहे. तेही आधीच सांगून टाकते. लहानपणी साताऱ्याला आई धाकट्या बहिणीला मांडीवर घ्यायची, की मी गाल फुगवून कोपरा धरायची. मग आई यायची, वाकून म्हणायची, "फुगलीस का गं? टाचणी आणू?" आणि मला हसू फुटायचं. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच आई गेली. टाचणीचं मी कोलकात्यात कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

नवरा म्हणजे शंतनु. जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, नोकरी सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये. त्याचं मराठी आईशी आणि माझ्याशी बोलण्यापुरतं. "चहा थंड झाली," म्हणतो. "माझा चप्पल कुठे गेला," म्हणतो. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. पण त्याचे मित्र घरी आले, अड्डा जमला, की हाच माणूस बंगालीत असा काही फुलतो, की सगळे पोट धरून हसतात. मी रिकामे कप उचलता उचलता विचार करायची, हा शंतनु माझ्या वाट्याला का येत नाही? मला एका भाषेचा मत्सर वाटायचा. बोला आता.

त्याला नाद एकच, पूल बघायचा. रविवारी सकाळी इथले बाकीचे नवरे मासळी आणायला जातात, हा कॅमेरा गळ्यात अडकवून पूल बघायला निघतो आणि मला स्कूटरवर मागे बसवतो. गंगेवरचे मोठे पूल झाले, कालव्यांवरचे झाले. मग एका रविवारी तो म्हणाला, "आज काजलझील. रोडचा पूल आणि रेलचा पूल, दोन्ही एका ठिकाणी. मस्त व्ह्यू आहे."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांचं नाव मंदाकिनी. जन्म त्यांचाही कोलकात्यातला, पण मराठीपण त्यांनी लोणच्यासारखं मुरवून ठेवलंय. शहरात कुणी मराठी बोलणारी बाई दिसली, की संपलंच. एकदा मेट्रोत एक अनोळखी बाई फोनवर "पोहोचले गं" म्हणाली, तर तिला हाताला धरून घरी आणलं, चहा पाजला आणि ओटी भरून पाठवलं. सवाष्ण रिकाम्या हातानं घराबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा कायदा.

"देवयानी, नवं पाणी पहिल्यांदाच ओलांडते आहेस ना? मग त्याची ओटी भर," त्या म्हणाल्या आणि नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची पुडी आणि गुलाबी पॉपलिनचा एक ब्लाउजपीस माझ्या हातात दिला. ब्लाउजपीस दुकानाच्या पिशवीतच होता. असले ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. ते या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात.

"ओटी घेणारीनं त्यातले चार दाणे परत द्यायचे असतात," सासूबाई हसत म्हणाल्या. "पाणी कुठलं देतंय म्हणा."

शंतनु बुटाची नाडी बांधत होता. मान खाली घालूनच तो म्हणाला, "कुहेली तिथे दरवेळी कॉईन टाकायची. बोलायची, हा झील माझा आहे."

कुहेली म्हणजे त्याची कॉलेजातली मैत्रीण. त्यानं काही लपवलेलं नाही. ती आता बंगळूरला असते, दोन मुलं आहेत, अंगानं सुटली आहे. तिचे सगळे फोटो मी पाहिलेत, काही तर दोनदा पाहिलेत. तिच्यापासून मला काडीचाही धोका नव्हता. तरी मी हातातलं सामान घेऊन सरळ आतल्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं.

लग्नात आईनं माझी पहिली ओटी भरली, तो खण माझ्या साड्यांखाली होता. हिरवा, लाल काठाचा, बारीक फुलांचा. विणताना एका ओळीतलं एक फूल राहून गेलं होतं, तिथे नुसती हिरवी जागा. आई म्हणाली होती, "असू दे. दृष्ट लागायची नाही." पहिली ओटी कुणाला द्यायची नसते. ती त्या बाईची स्वतःची, त्या घरातली तिची जागाच म्हणा ना. मला हे ठाऊक होतं. पण त्या बयेनं पाण्यात नाणी टाकली होती आणि मला तिच्यावर वरताण करायची होती. मी खण पर्समध्ये घातला आणि त्याच्या जागी पॉपलिनची पिशवी सारून कपाट लावलं.

बजबज ट्रंक रोडनं बरंच खाली गेलं, की उजवीकडे काजलझील लागते. गंगेनं कधीतरी जुनी वाट सोडली, तेव्हा मागे राहिलेलं हे पाणी. लांबट आणि वाकडं. त्यावर दोन पूल शेजारी शेजारी. रस्त्याचा पूल नवा, रुंद फूटपाथचा, कठडे निळे-पांढरे रंगवलेले. रेल्वेचा जुना, लोखंडी, विटांच्या खांबांवर उभा. बजबज लोकल त्यावरून दमानं जाते. रविवारी लोक हे बघायलाच येतात. फुचकावाले, म्हणजे आपले पाणीपुरीवाले, होते, फुगेवाले होते, कठड्याला टेकून फोटो काढणारी जोडपी होती. दोन्ही बाजूंना जलपर्णी नुसती माजली होती आणि तिच्यावर बगळे चालत होते. दोन पुलांच्या मधल्या पाण्यात मात्र एक पान नव्हतं. तेवढं पाणी उघडं आणि काळं होतं.

"इथे का नाही उगवत?" मी विचारलं.

"सावली पडतो ना दोन्ही बाजूने," शंतनु म्हणाला. पटण्यासारखं होतं.

मी हळदकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, नारळ सोडला. मग खण सोडला. नारळ हेलकावे खात बाजूला गेला. खण उलगडून पाण्यावर पसरला, क्षणभर छान दिसला. कापड आधी भिजतं, मग जड होतं, मग सावकाश बुडतं. हा खण तसा बुडाला नाही. कुणी मधोमध चिमटीत धरून खाली ओढावा, तसा चारही टोकं वर करून एकदम गेला.

मी शंतनुकडे पाहिलं. तो रेल्वेच्या पुलाचे फोटो काढत होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आता झील कुणाची ते विचार तुझ्या कुहेलीला, मी मनात म्हटलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. शंतनुला पुलावर गाडी असतानाचा फोटो हवा होता. लोकल आली, हळू झाली, एकेक डबा लोखंडी पट्ट्यांमागून सरकायला लागला. मधल्या एका डब्याच्या खिडकीत एक बाई बसली होती. हिरवा ब्लाउज, बाहीला लाल काठ. तिच्या शेजारी निळ्या शर्टातला माणूस, तिच्याकडे वळून हसत होता. पुलापासून पुलापर्यंतच्या अंतरावरून कपड्याचा रंग कळतो, चेहरा ओळखू येत नाही. हा नजरेचा नियम आहे. हिरवे ब्लाउज कोलकात्यात हजारो असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी आल्यावर शंतनुनं फोटो मोठा करून दाखवला. "हे बघ, हा माणूस माझ्यासारखा दिसतो!"

दिसत होता. शर्टही तसाच, त्यानं त्या दिवशी घातलेला. बाईचा चेहरा खिडकीच्या गजाआड होता. मी तिची बाही पाहिली. फुलांच्या ओळीत एक जागा रिकामी होती.

काय बोलणार? फोटोतल्या बाईनं माझा खण शिवून घातलाय? दुकानात कुणी असं म्हणालं असतं, तर मी त्याला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण रात्रभर मला एकच गोष्ट कुरतडत राहिली आणि ती खणाची नव्हती. तो माणूस तिच्याकडे बघून किती मोकळं हसत होता, ती होती.

त्यानंतर घरात बारीकसारीक काहीतरी व्हायला लागलं. एका गुरुवारी सासूबाई भाजी निवडताना म्हणाल्या, "काल दुपारी जेवायला घरी आलीस ते फार बरं केलंस. पण भात पानात तसाच टाकलास. आणि साडी कशानं भिजली होती गं एवढी?"

"आई, मी काल दिवसभर दुकानात होते."

"असेल बाई," असं म्हणून त्या पुन्हा शेंगा मोडायला लागल्या. वय झालं, मी मनाशी म्हटलं.

पण शंतनुचं काय वय झालं होतं? त्या संध्याकाळी तो कप हातात घेऊन म्हणाला, "अगं, चहा पार गार ढोण झालाय की."

आणखी दोन-चार दिवसांत त्याच्या तोंडात कुठे म्हणून चूक राहिली नाही. "जिवाला कशाला घोर लावून घेतेस," म्हणायला लागला. "आलं अंगावर, घेतलं शिंगावर," म्हणायला लागला. सासूबाई हरखून गेल्या. मीही हरखायला हवं होतं. याच गोष्टीसाठी मी झुरत होते ना? पण मी त्याला शिकवलं नव्हतं. कुणीतरी त्याच्याशी बसून, वेळ काढून, मराठीत गप्पा मारत होतं. माझ्या माहेरच्या मराठीत. माझ्या अंगाची आग आग झाली.

"कोण शिकवतंय तुला हे?" मी शेवटी विचारलं.

"तूच की. दुसरं कोण बोलतं माझ्याशी मराठी?"

"मी कधी शिकवलं?"

"लोकलमध्ये!" तो हसला. "बुधवारी तू दुकानातून लवकर सुटतेस, आपण बजबजपर्यंत जातो आणि परत येतो. तुलाच तर पुलावरून जायला आवडतं. आता माझी फिरकी घेतेस होय?"

"मी तुझ्याबरोबर कधीही लोकलनं गेले नाहीये, शंतनु."

तो उठून जवळ आला. माझा चेहरा त्यानं निरखून पाहिला, मायेनं, जरा काळजीनं. मग वाकून म्हणाला, "फुगलीस का गं? टाचणी आणू?"

मला हसू फुटलं नाही.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होतं. माझ्या आईचे शब्द तिनं त्याला दिले होते. मी जपून ठेवलेले, कुणाला न दिलेले. आणि ते त्याच्या तोंडी किती गोड वाटत होते! ती कोण आहे, हा प्रश्नच मला पडला नाही. तिला माझ्या नवऱ्याशेजारून उठवायचं, एवढंच डोक्यात होतं.

बुधवारी मी दुपारीच दुकानातून निघाले. मेट्रोनं माझेरहाटला गेले आणि बजबज लोकल पकडली. फोटोत होता तसा मधलाच डबा निवडला. दुपारची थोडीफार गर्दी होती. माणसांचे चेहरे एकेक करून पाहिले. शंतनु नव्हता. हिरवा ब्लाउज नव्हता. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती आणि लोक उभे असूनही तिथे कुणी बसत नव्हतं. मी बसले. बाक ओलसर होता.

एकेका स्टेशनावर माणसं उतरत गेली. चुरमुऱ्यांची झालमुडी विकणाराही उतरला. पुलाअलीकडच्या स्टेशनानंतर डब्यात मी एकटीच उरले.

गाडी पुलावर आली, हळू झाली आणि थांबली.

खाली तेच उघडं, काळं पाणी होतं. त्यापलीकडे रस्त्याचा पूल. आज रविवार नव्हता, त्यामुळे फुचकावाले नव्हते, जोडपी नव्हती. कठड्याशी एकच स्कूटर उभी होती. आमची.

शंतनु कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. कॅमेरा माझ्या खिडकीकडे होता.

त्याच्या शेजारी ती होती.

एवढ्या अंतरावरून चेहरा ओळखू येत नाही, हे मी आधीच सांगितलंय. मला ओळखू आला. रोज सकाळी आरशात बघते, तो. फक्त कपाळावरची आठी नव्हती, ओठ आवळलेले नव्हते. माझ्या चेहऱ्यावर मत्सर नसला, की तो असा दिसतो, हे मला माहीतच नव्हतं. सुंदर दिसत होता.

तिनं शंतनुच्या दंडाला धरलं आणि हात वर करून मला हलवला. वाण दिल्यावर बायका एकमेकींचा निरोप घेतात, तसा.

मी ओरडले. गजांतून हात बाहेर काढला, "शंतनु!" म्हणून ओरडले. त्यानं कॅमेरा खाली केला आणि तिला काहीतरी म्हणाला. दोघं हसली.

गाडी सुटली.

पुढच्या स्टेशनावर उतरून मी परतीची लोकल पकडली. या खेपेला पुलावर कुणीच नव्हतं. मी घरी पोहोचले तेव्हा सूर्य अजून वर होता. किल्ली पर्समध्ये सापडेना. स्कूटर जिन्याखाली लावलेली होती. मी बेल वाजवली.

सासूबाईंनी दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं हसल्या. "काके चाई?" कोण हवंय, त्यांनी बंगालीत विचारलं.

"आई, अहो मी."

त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई, मराठी तुम्ही? या, या ना! कुठल्या तुम्ही?"

"साताऱ्याची," मी म्हटलं.

"काय सांगता! आमची सूनही साताऱ्याचीच!" माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. "अगं देवयानी, बघ कोण आलंय. तुझ्या माहेरची माणसं!"

"आले हं आई, चहा टाकते," स्वयंपाकघरातून आवाज आला. तो माझा होता. पडद्याच्या फटीतून एक बाही दिसली, हिरवी.

शंतनु बाहेरच्या खोलीत आला. मी त्याचं नाव घेतलं. त्यानं नम्रपणे मान लववली. "बसा ना तुम्ही. चहा घेतल्याशिवाय आई सोडणार नाही," तो म्हणाला, स्वच्छ मराठीत. "पावसात सापडलात का? पार भिजलात की." बाहेर लख्ख ऊन होतं. मग तो आत गेला. आत भांड्यांचा आवाज झाला, कुजबुज झाली आणि तो म्हणाला, "फुगलीस का गं? टाचणी आणू?" ती हसली. मला ज्या हसण्याची हौस होती, तसं हसली.

मी त्या खुर्चीवर तशीच बसून ते हसणं ऐकत राहिले. मला तिचा इतका मत्सर वाटला, की तिला घालवून द्यायचं सुचलंच नाही.

सासूबाई सुनेच्या कपाटातून सामान घेऊन आल्या. "सवाष्ण घरी आली, रिकामी कशी पाठवू?" त्या म्हणाल्या. माझ्या कपाळाला हळदकुंकू लावताना त्यांनी बोट चटकन मागे घेतलं आणि पदराला पुसलं. मग मी पदर पसरला. त्यांनी त्यात नारळ घातला, ओंजळभर तांदूळ घातले आणि वर गुलाबी पॉपलिनचा ब्लाउजपीस ठेवला. दुकानाच्या पिशवीतलाच.

डब्यातून ओंजळीत घेतलेले तांदूळ कोरडे होते. पडताना त्यांचा आवाज मी ऐकला.

त्यांनी ताट पुढे केलं. रीत मला ठाऊक होती. पाणी कुठलं देतंय, असं त्याच म्हणाल्या होत्या. मी ओटीतले चार दाणे उचलले आणि परत ताटात टाकले.

ते ताटाला चिकटले. फुगून पांढरे झाले होते आणि त्यांच्याखाली पाणी साचत होतं.